चाळ गेली, टॉवर आला. वॉर्डनकाकांनी आता काय करायचं?

लालबागहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ६७. १९८९ पासून नागरी संरक्षण दलाचे वॉर्डन, आणि चाळीच्या मंडळाचे कार्यकर्ते त्याही आधीपासून. कुठे स्टोव्ह भडकला, कुणी गॅलरीतून पडलं, पावसात जिन्याच्या पायऱ्या खचल्या की पहिली हाक त्यांनाच. चाळ पाडून त्या जागी २३ मजल्यांचा टॉवर झाला, आता ते १४ व्या मजल्यावर राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या दिवाळीत ११ व्या मजल्यावरच्या एका घरात रॉकेट शिरलं आणि पडदे पेटले. काका लिफ्टने ११ व्यावर उतरले, एकटेच आत गेले, बादल्या ओतून आग विझवली आणि पुढचे दोन दिवस खोकत बसले. तेव्हापासून घरात रोज वाद. काकू म्हणतात, पुरे झालं. मंडळातली मुलं म्हणतात, ‘‘काका, टॉवरमध्ये स्प्रिंकलर आहेत, तुम्ही कशाला धावता?’’ पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘‘मी थांबावं का? आणि थांबायचंच, तर पस्तीस वर्षांचं हे सगळं कुणाच्या हाती देऊ?’’

काका, सप्रेम नमस्कार.

धुरात शिरणं आजपासून बंद करा. बाकीचं काम थांबवू नका, उलट वाढवा. ते कसं, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी दिवाळीचं बोलू, कारण त्या रात्री तुम्ही वाचलात ते थोडक्यात. चाळीत तुम्ही पस्तीस वर्षं जे शिकलात ते चाळीपुरतं शंभर टक्के खरं होतं. खोलीच्या दारासमोर उघडी गॅलरी, धूर बाहेर पडायला मोकळी वाट. दारापर्यंत जायचं, वाकून बघायचं, बादली मारायची, मागे यायचं. टॉवरमध्ये दारासमोर बंद लॉबी असते. घराचं दार उघडलं की सगळा धूर लॉबीत येतो आणि तिथून जिन्यात चढतो. शिवाय चाळीत जळायचं ते लाकूड आणि सुती कपडा. आजच्या घरात फोमचा सोफा, प्लॅस्टिक, सिंथेटिक पडदे. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. माणसाला घेरी येते ती आग अंगाशी येण्याच्या कितीतरी आधी, आणि आपल्याला घेरी येते आहे हेही त्याला कळत नाही. तोंडावरच्या ओल्या रुमालाने काजळी अडते, हे वायू अडत नाहीत. अग्निशमन दलाचे जवान पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला घट्ट मास्क लावून आत जातात ते याचसाठी. आणि आयुष्यभर हेच काम करूनही काळबादेवीच्या गोकुळ निवासात ९ मे २०१५ ला लागलेल्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. तुमच्याकडे रुमाल होता, काका.

लिफ्टचंही तेच. आग लागलेल्या मजल्यावर लिफ्ट घेऊन जाणं ही टॉवरमधली सगळ्यांत घातक चूक. मध्येच वीज गेली तर माणूस डब्यात अडकतो. लिफ्टची विहीर धुराने भरते. आणि दार उघडतं ते थेट आगीसमोर. फायर लिफ्ट म्हणून एक वेगळी लिफ्ट असते. तळमजल्यावरच्या तिच्या स्विचने ती दलाचे जवान आपल्या ताब्यात घेतात. ती त्यांच्यासाठी आहे, रहिवाशांसाठी नाही.

पुन्हा असं घडलं तर तुमची जागा तळमजल्यावर, गेटाशी. ‘म्हाताऱ्याला खाली बसवलं’ असं मनात आणू नका. नागरी संरक्षणाच्या १२ सेवांमध्ये अग्निशमन सेवा वेगळी आहे आणि वॉर्डन सेवा वेगळी. वॉर्डन म्हणजे आपल्या हद्दीतला माणूस न् माणूस, दार न् दार ठाऊक असलेला माणूस. बंब येतो तेव्हा अधिकाऱ्याला चार प्रश्न पडलेले असतात: कुठला मजला, काय जळतंय, आत कोण राहिलंय, पाणी कुठून घ्यायचं. याची उत्तरं अर्ध्या मिनिटात देणारा माणूस गेटाशी असेल तर जवान थेट कामाला लागतात. नसेल तर त्यांना पंधरा रहिवासी एकाच वेळी ओरडून वेगवेगळं सांगतात.

१०१ ला फोन करायला मात्र तुमची वाट बघायला नको. ज्याला धूर दिसला त्याने करायचा. पूर्ण पत्ता, जवळची खूण, इमारत किती मजल्यांची, आग कितव्यावर, कुणी अडकलंय का, कुठलं गेट उघडं आहे. इमारतीचे मजले सांगायला लोक हमखास विसरतात, आणि कुठल्या शिडीच्या गाड्या काढायच्या ते त्यावरच ठरतं. पलीकडच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये हे मोठ्या अक्षरात लिहून लावा, मराठीत आणि हिंदीत. सोबत १०८ ॲम्ब्युलन्स, १९१६ महापालिकेचा आपत्कालीन कक्ष, ११२, आणि गॅस सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

आता मुलांच्या स्प्रिंकलरबद्दल. ते अर्धं खरं बोलतात. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते. लाल रंगाची असेल तर ६८ अंश सेल्सियसला फुटते आणि पाणी सुटतं. जिथे ताप पोचला तेवढाच फुटतो, एकदम सगळ्या इमारतीत पाऊस पडत नाही. चांगली गोष्ट आहे. पण रंगकाम करताना पेंटरने त्यावर ब्रश फिरवला, फॉल्स सीलिंग करताना कुणी तो आत दडवला, किंवा त्याला पाणी देणाऱ्या पंपाचा स्विच बंद असला, तर त्या कुपीचा काही उपयोग नाही. आणि टॉवरमध्ये खरा घात होतो तो पंपरूममध्येच.

तेव्हा मुलांना घेऊन सगळ्यांत आधी पंपरूममध्ये उतरा. सोबत सेक्रेटरी आणि देखभालीच्या एजन्सीचा माणूस हवाच, आपल्या मनाने स्विच फिरवायचे नाहीत. पॅनेलवर प्रत्येक पंपाला एक फिरता स्विच असतो: ऑटो, ऑफ, मॅन्युअल. तो ऑटोवर असला पाहिजे. पुष्कळ इमारतींत तो ऑफवर सापडतो, आणि त्याला एक साधं कारण असतं. पाइपात कुठेतरी बारीक गळती असते, प्रेशर उतरतं, ते भरून काढायला छोटा जॉकी पंप दर थोड्या वेळाने चालू होतो. आवाजाने वॉचमन वैतागतो, कमिटी बिलाने वैतागते, आणि कुणीतरी स्विच बंद करून टाकतं. म्हणजे दुखणं गळतीचं आणि औषध पंपाला! गळती शोधून काढायला लावा.

चाचणी अशी घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावरची होजरील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली रबरी नळी, उघडायची. प्रेशर उतरलं की आधी जॉकी पंप सुरू व्हायला हवा, आणि पाणी चालूच राहिलं तर मेन पंप. जॉकी आपोआप थांबतो. मेन पंप आपोआप थांबत नाही, तो हाताने बंद करावा लागतो, आणि ते तसंच असायला हवं, कारण आग चालू असताना पंपाने स्वतःच्या मनाने थांबून चालत नाही. त्यामुळे चाचणीच्या वेळी खाली पॅनेलशी एक माणूस आणि वर नळीशी एक, मध्ये फोन चालू. वरच्या मजल्यावर साधारण साडेतीन किलो प्रेशर मिळालं पाहिजे. काटा शून्यावर असेल तर पाइप रिकामा आहे, आणि लॉबीतला तो लाल नळ नुसता शोभेचा आहे.

मग एकेका मजल्यावरची लाल पेटी उघडा. हे काम दिसायला किरकोळ, पण इथेच सगळं कळतं. पेटीत १५ मीटरचे दोन होज, म्हणजे पाणी मारायचे मोठे पाइप, आणि एक ब्रँच पाइप, म्हणजे होजच्या टोकाला लावायचं पितळी तोंड, असायला हवं. पितळेला भंगारात भाव मिळतो, त्यामुळे ब्रँच चोरीला जातात, मोजून बघा. होज पूर्ण उलगडा. घडीवर घडी वर्षानुवर्षं राहिली की तो घडीवरच कुजतो आणि प्रेशर आल्याबरोबर तिथेच फाटतो. परत गुंडाळताना जुनी घडी बदलून गुंडाळा. कपलिंगच्या, म्हणजे होजच्या टोकाच्या जोडाच्या, तोंडात बोट फिरवा, आत रबरी वॉशर हाताला लागला पाहिजे. वॉशर नसेल तर जोडातून कारंजं उडतं आणि टोकाला पाणी पोचत नाही. दोन्ही कपलिंग एकमेकांत घालून बघा. ‘खट्’ आवाज आला, दोन्ही बाजूंच्या कळा बसल्या, मागे ओढून सुटलं नाही, म्हणजे बसलं. आणि त्या पेटीतले झाडू, चपला, जुन्या फरशा बाहेर काढा.

एक गोष्ट मात्र मुलांना बजावून सांगा: ६३ मिलिमीटरचा हा मोठा होज शिकल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. पाण्याच्या जोराला ब्रँच मागे उसळतो आणि एकट्या माणसाला आडवा करतो. त्याला ब्रँचवर दोघे आणि वॉल्व्हशी एक लागतो, आणि वॉल्व्ह हळूहळू उघडायचा. रहिवाशांसाठी होजरील पुरे. तिची नळी बारीक असते, एकट्याला पेलते, पूर्ण उलगडायची गरज पडत नाही. पण पाणी मारण्याआधी त्या घराची वीज बंद केली पाहिजे.

गेटाजवळ, भिंतीला, तोंडावर झाकण असलेली फायर ब्रिगेड इनलेट असते. पंप बंद पडले तर बंब तिथून इमारतीच्या पाइपात पाणी भरतो. तुमच्याकडे आत्ता तिच्यासमोर स्कूटर उभ्या असणार, बघून या. गाड्यांच्या रांगेमुळे शिडीची गाडी आत वळत नसेल तर तेही आत्ताच बघायचं, आगीच्या रात्री नाही. रेफ्यूज एरिया, म्हणजे संकटात थांबायची मोकळी जागा, तिला कुलूप नको आणि तिथे गणपतीच्या मखराचं सामानही नको. जिन्याची फायर डोअर्स कुंडी लावून उघडी ठेवतात, हवा खेळावी म्हणून. त्या एका कुंडीपायी अख्खा जिना चुलीचं धुराडं होतो. या एका गोष्टीसाठी तुम्ही सोसायटीत भांडण काढलंत तरी आम्ही तुमच्या बाजूला आहोत.

सगळं कायद्यातही आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. सेक्रेटरीकडे मागचे दोन फॉर्म मागा. कागदावर ‘चालू’ आणि पंप ऑफवर असं दिसलं, तर वार्षिक सभेत तो विषय तुम्हीच काढायचा. तुमच्या पस्तीस वर्षांच्या शब्दाला तिथे वजन आहे.

शिकवायचं कुणाला? तुमच्या पत्रात फक्त मंडळातल्या मुलांचा उल्लेख आहे. त्यांना शिकवाच, पण पहिला वर्ग बायकांचा, वॉचमनचा आणि घरकामाला येणाऱ्या मावशींचा घ्या. दुपारी तीन वाजता इमारतीत तेच असतात. मुलं तेव्हा ऑफिसात किंवा लोकलमध्ये.

शिकवण्यासाठी नवे सिलिंडर आणू नका. जे लाल सिलिंडर रिफिलला जायचे आहेत, ते जाण्याआधीच्या रविवारी वापरा. सोसायटीच्या खर्चात एका पैशाची भर पडत नाही. एजन्सीच्या माणसासमोर, मोकळ्या जागेत, पत्र्याच्या ट्रेमध्ये छोटी आग करायची आणि प्रत्येकाने स्वतः सिलिंडर उचलायचा. ६ किलोच्या ए-बी-सी पावडरचा सिलिंडर उचलताना बहुतेकांना पहिल्यांदा कळतं की भरलेला तो दहा किलोच्या आसपास जातो. पिनला प्लॅस्टिकचं सील असतं. वरची मूठ दाबून ठेवली तर पिन अडकते, म्हणून सिलिंडर खाली ठेवून, मूठ न दाबता, पिन पिळून ओढायची. सहा ते आठ फुटांवर उभं राहायचं, पाठ दाराकडे. नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही, बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवायचं. पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. हे वाक्य तीनदा सांगा, कारण सगळ्यांना वाटतं सिलिंडर बराच वेळ चालतो. एका सिलिंडरने आग बसली नाही तर दुसरा शोधायचा नाही. बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. नुसतं बंद दारही आगीला बराच वेळ अडवतं.

महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघायचं आणि सिलिंडर उलटासुलटा करून हलवायचा, नाहीतर पावडर तळाशी दगडासारखी बसते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून बघावा लागतो. त्याचं भोंग्यासारखं तोंड उघड्या हाताने धरू नये, कातडी गोठते.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद, वर ताट किंवा झाकण सरकवायचं, आणि निवेपर्यंत उचलायचं नाही. पाणी कधीच नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा हलका, छताकडे जातो. टॉवरमध्ये पाइप गॅस आला तरी काही घरांत जुना सिलिंडर ‘असू दे’ म्हणून राहतो, तेव्हा दोन्ही शिकवा. पेटलेल्या सिलिंडरची ज्वाळा गॅस बंद करता येत नसेल तर विझवू नये. सुटलेला गॅस घरभर पसरून नंतर एकदम भडकतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यांतलं काही नाही.

आणि चाळीतली एक सवय मोडावी लागेल: ‘आग’ म्हणून ओरडलं की सगळ्यांनी धावत सुटायचं. टॉवरमध्ये जळता मजला आणि त्याच्या वरचे मजले आधी रिकामे करायचे. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरायचं. गच्चीकडे पळायचं नाही, धूर वरच जातो. जिन्यात धूर असेल तर घरात परत फिरायचं, दार लावायचं, फटीला ओले टॉवेल कोंबायचे, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबून १०१ ला आपला फ्लॅट नंबर कळवायचा. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कुणाच्या हाती काय द्यायचं. तुमच्या डोक्यात जे आहे ते वहीत उतरवा. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, कुणाला ऐकू येत नाही, दिवसा एकटं म्हातारं माणूस कुठे, कुणाच्या खिडकीच्या ग्रिलला कुलूप आहे आणि किल्ली कुठे टांगलेली असते. मेन वॉल्व्ह, मीटररूमची किल्ली, गच्चीची किल्ली, जनरेटर. एका मजल्याला एक पान. ही माहिती लोकांच्या घरातली आहे, तेव्हा विचारून लिहा आणि बंद पाकिटात ठेवा. एक प्रत सेक्रेटरीकडे, एक वॉचमनच्या केबिनमध्ये. दर तीन महिन्यांनी नवी करायची. भाडेकरू बदलतात, आजारपणं बदलतात, आणि जुनी वही जवानांना रिकाम्या खोलीत पाठवते.

मुलांपैकी दोघांना, आणि एखाद्या मुलीलाही, तुमच्या ओळखीने नागरी संरक्षण दलात नाव घालायला पाठवा. तिथलं प्रशिक्षण घेऊ द्या; तुम्ही सांगता ते आणि दल सांगतं ते जुळलं की त्यांचा विश्वास बसेल. दलात तुमच्या वरिष्ठांना लिहून द्या की यापुढे प्रत्यक्ष कारवाईऐवजी प्रशिक्षणाचं काम द्यावं. अनुभवी माणूस शिकवायला तयार आहे, हे ऐकून त्यांना बरंच वाटेल.

पहिली ड्रिल १४ एप्रिलला सुरू होणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात घ्या. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, ही गोष्ट मुंबईतल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे. रविवारी सकाळी घेऊ नका, आठवड्याच्या दिवशी दुपारी घ्या. घड्याळ लावा. पहिली ड्रिल फसणार. अर्धे लोक लिफ्टने येतील, काही येणारच नाहीत, आणि आलेले नेमके गेटाशी, बंबाच्या वाटेत, गप्पा मारत उभे राहतील. रागावू नका, कुठे किती वेळ गेला ते लिहून ठेवा. जमण्याची जागा गेटापासून लांब ठरवा. पुढची ड्रिल सहा महिन्यांनी.

काकूंना सांगा की आग लागली तर तुम्ही गेटाशी असाल, आणि आग खालच्या मजल्यावर असून जिन्यात धूर असेल तर त्यांच्यासोबत घरात. हा शब्द त्यांना द्या आणि पाळा. गुडघ्याला १४ मजले उतरायला वेळ लागणार, तेव्हा तुम्ही पोचेपर्यंत गेट कोण सांभाळणार ते आधीच ठरवा. सकाळी एक, दुपारी एक, रात्री वॉचमन.

या शनिवारी दोन मुलांना घेऊन सातव्या मजल्यावरची लाल पेटी उघडा. होज त्यांनीच काढायचा, कपलिंग त्यांनीच जोडायचं, वॉशर त्यांनीच चाचपायचा. त्यांचं चुकलं, ‘खट्’ आवाज आला नाही, तरी तुम्ही हात मागे बांधून उभे राहा, आणि पुन्हा करायला सांगा.